वही कोणाच्या हाती? नगर जिल्ह्यातील बचतीची दीडशे वर्षे

इ. स. १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. पुढील काही आठवड्यांत हे लोण नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरले. इतिहासात ही घटना ‘दख्खनचे दंगे’ या नावाने नोंदली गेली आहे. तिच्यातील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. जमावाचा रोख मुख्यत्वे कर्जरोखे आणि कोर्टाचे हुकूमनामे यांच्यावर होता. ते हुडकून काढून त्यांची होळी करण्यात आली. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने पुढे केले, तेथे सहसा कोणाच्या अंगाला हात लागला नाही.

शेतकरी कागदावर एवढा का चिडला होता? अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, इकडील कापसाला चढा भाव आला आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, त्यात सरकारने शेतसारा वाढविला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे रोख्याची मुदत संपण्यापूर्वी तो नव्याने लिहून घेणे सावकाराला भाग पडे. प्रत्येक वेळी थकलेले व्याज मुद्दलात जाई. कर्जदार खाली निशाणी करी. वर काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नसे. वही सावकाराची, लेखणी सावकाराची आणि आकडाही सावकाराचाच! किती फेडले आणि किती उरले, हे सांगणारा एकही कागद कुणब्याच्या घरी नव्हता.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी तो प्रथम करण्यात आला. कर्जासाठी होणाऱ्या अटकेला त्याने आळा घातला, हे बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु त्याच कायद्यातील आणखी एक तरतूद आम्हांला अधिक मोलाची वाटते. रक्कम दिल्यावर लेखी पावती मिळण्याचा, दरवर्षी हिशेबाचा उतारा मिळण्याचा आणि पासबुकात नोंद करून घेण्याचा हक्क शेतकऱ्याला देण्यात आला. आपल्या पैशाची नोंद आपल्या घरी असावी, हे तत्त्व या जिल्ह्यात कायद्याच्या भाषेत प्रथम उच्चारले गेले ते असे. पुढील दीडशे वर्षांचा बचतीचा इतिहास म्हणजे या एका तत्त्वाचा प्रवास होय, असे आमचे मत आहे.

आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबांच्या पूर्वजांना मात्र या हक्काचाही फारसा लाभ झाला नसावा. ते गावकुसाबाहेर राहणारे. त्यांची मजुरी बलुत्याच्या धान्यात मिळे. त्यांची बचत म्हणजे कणगीतील जोंधळा, दावणीची शेळी आणि घरधनिणीच्या अंगावरील चांदीचा एखादा डाग. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात कणगी रिकामी झाली, शेळी विकली गेली, डाग गहाण पडला. वस्तूंच्या रूपातील बचत संकटाच्या वेळीच सर्वांत स्वस्त होते, कारण सारा गाव एकाच वेळी विकावयास निघतो. हा धडा आपल्या पणजोबांनी पोटाला चिमटा घेऊन शिकला.

रोख पैसा सुरक्षित ठेवण्याची सोय गावागावांत आली ती पोस्टामुळे. १८८२ मध्ये पोस्टाची बचत बँक देशभर सुरू झाली. १ फेब्रुवारी १८८४ रोजी टपाल आयुर्विमा सुरू झाला. पण तो प्रथम टपाल खात्याच्या नोकरांपुरताच होता. खेड्यातील सर्वसाधारण माणसासाठी ग्रामीण टपाल आयुर्विमा येण्यास १९९५ साल उजाडावे लागले. म्हणजे एकाच कचेरीची बचतीची खिडकी गरिबाला उघडी होती, पण विम्याची खिडकी उघडण्यास एकशे अकरा वर्षे लागली.

दुसरी वाट सहकाराची. जर्मनीत राइफायझन यांनी एकोणिसाव्या शतकात खेडुतांच्या पतपेढ्या उभारल्या होत्या. एकट्याला पत नसते, पण परस्परांना ओळखणाऱ्या दहा जणांना मिळून पत असते, हे त्यांचे सूत्र. त्याच धर्तीवर हिंदुस्थानात १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा झाला आणि १९०५ मध्ये तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील, गदगजवळच्या कणगिनहाळ येथे पहिली शेती पतसंस्था निघाली. आपल्या धर्मबांधवांनीही ही वाट लवकर ओळखली. छोटानागपूरमधील आदिवासींना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी येशूसंघीय फादर हॉफमन यांनी १९०९ मध्ये रांची येथे कॅथलिक सहकारी पतसंस्था स्थापिली. १९१८ मध्ये वसईत मॉन्सिन्योर मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथलिक सहकारी बँकेचा पाया घातला गेला. ती आजही उभी आहे.

नगर जिल्ह्यात या कार्याचे नाव निघाले की विठ्ठलराव विखे पाटील आठवतात. त्यांनी १९२३ मध्ये लोणी येथे पतपेढी काढली. तिच्यातून कमावलेल्या विश्वासावर पुढे धनंजयराव गाडगीळ यांच्या सहकार्याने प्रवरा साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याची चाके फिरू लागली. साखर कारखानदारीने बचतीची एक निराळीच रीत रूढ केली. उसाच्या बिलातून दर टनामागे ठरावीक रक्कम ठेव म्हणून कापून घेतली जाई. शेतकरी कुरकुरत असे, पण हातात न आलेला पैसा खर्चही होत नाही! या सक्तीच्या बचतीतून यंत्रे आली, कारखाने वाढले. मात्र ‘परतीची’ ठेव कोणती आणि ‘बिनपरतीची’ कोणती, हे ज्यांनी बिलावर वाचून घेतले त्यांनाच आपले किती हे समजले.

ज्यांच्याकडे ऊसच नव्हता, त्यांचे काय? आपल्यापैकी पुष्कळांचे वडील-आजोबा हरेगाव, टिळकनगर, साकरवाडी या परिसरांतील कारखान्यांत व मळ्यांवर राबले. नोकरदारांच्या म्हातारपणाची कायदेशीर तरतूद १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्याने केली; पुढे साखरेचा उद्योगही त्याच्या कक्षेत आला. १९७१ मध्ये कुटुंब निवृत्तिवेतन योजना आली. तिची जागा १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेने घेतली. १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. लोक या साऱ्याला एकच शब्द वापरतात: ‘फंड’. येथेच घोटाळा होतो. फंडाची रक्कम एकदाच हाती येते. निवृत्तिवेतन मरेपर्यंत आणि नंतर विधवेलाही मिळते.

या बाबतीत आम्ही जे पाहिले ते सांगतो. निवृत्त कामगारांचे कागद पाहण्याचे काम अनेक वर्षे आमच्याकडे येत आहे. एक कारखाना सोडून दुसरीकडे जाताना फंडाबरोबर निवृत्तिवेतनाची रक्कमही काढून घेणारे बरेच भेटले. मुलीच्या लग्नाला पैसा हवा होता, त्यांना दोष कसा द्यावा? परंतु निवृत्तिवेतनासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. मध्येच रक्कम उचलली की मागील वर्षे पुसली जातात. तिच्याऐवजी ‘स्कीम सर्टिफिकेट’ नावाचा सेवेचा दाखला घेतला असता तर ती वर्षे पुढील नोकरीला जोडता आली असती. हंगामी कामगाराची हंगामातील सेवा या योजनेत पूर्ण वर्षाची धरली जाते, हेही अनेकांना कोणी सांगितले नव्हते. हिशेब सोपा आहे: पात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. सात हजार रुपये पात्र वेतनावर दहा वर्षांच्या सेवेचे महिन्याला एक हजार होतात. रक्कम तुटपुंजी आहे, यात शंका नाही. २०१४ मध्ये किमान निवृत्तिवेतन एक हजार ठरले, आणि त्यात औषधेही भागत नाहीत म्हणून निवृत्तांनी आंदोलने केली. त्यांचे म्हणणे न्याय्यच आहे. तथापि नऊ वर्षे आणि दहा वर्षे यांतील अंतर एका वर्षाचे नाही. ते एका विधवेच्या उरलेल्या आयुष्याचे आहे.

विम्याची कथाही अशीच. १८७४ मध्ये, म्हणजे दंग्यांच्या आदल्याच वर्षी, ‘विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा’ झाला. पतीने पत्नी व मुलांच्या नावे या कायद्याखाली आयुर्विमा उतरविला तर ती रक्कम त्यांची ठरते. पतीच्या धनकोला तिच्यावर सहसा हक्क सांगता येत नाही. हे संरक्षण ख्रिस्ती कुटुंबांना आरंभापासून होते, हिंदू व इतर समाजांना ते पुढे विसाव्या शतकात मिळाले. पॉलिसी घेताना एक जादा अर्ज भरावा लागतो, एवढेच. दीडशे वर्षांचा हा हक्क आपल्या किती घरांनी वापरला असेल?

स्वातंत्र्यानंतर विमा कंपन्यांचा कारभार पाहून सरकारने १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण केले. त्या वेळी अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. २४५ कंपन्या व संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. वयाचा पुरावा म्हणून जन्मतारीख असलेला बाप्तिस्म्याचा दाखला तेथे ग्राह्य मानला जाऊ लागला. ज्या काळी वाड्या-वस्त्यांवर जन्माची सरकारी नोंद क्वचितच होई, त्या काळी चर्चची जाड नोंदवही अशा रीतीने गरिबाच्या उपयोगी पडली. परंतु पुष्कळांनी एजंटच्या भिडेखातर पॉलिसी घेतली आणि दोन वर्षांत हप्ते थकले. तीन वर्षांचे हप्ते पूर्ण होण्यापूर्वी सोडलेल्या पॉलिसीचे तेव्हा काहीच परत मिळत नसे. झेपेल तेवढाच हप्ता घ्यावा, हे विम्यातील काटकसरीचे पहिले सूत्र.

आता ठेवींविषयी. बँकेतील ठेवींना १९६२ पासून विमा आहे. आरंभी तो दीड हजार रुपयांचा होता. १९९३ मध्ये एक लाख आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाला. १९१० मध्ये स्थापन झालेल्या नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला, तेव्हा जिल्ह्यातील घराघरांत या पाच लाखांची चर्चा झाली. पण ज्या पतसंस्थेच्या पाटीवर ‘बँक’ हा शब्द नाही, तिच्यातील ठेवीला हा विमा नाही. एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी निवृत्तीची सारी पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. चांगल्या पतसंस्था आहेत, होत्या आणि असतील. परंतु तेथे आपण सभासद आहोत, वार्षिक सभेला जाऊन ताळेबंद पाहणे हा आपला अधिकार आहे, हे सहकाराचे मूळ सूत्र आपण सोडून दिले आहे.

आज साधनांची वाण नाही. वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा आयुर्विमा आणि २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा बचत खात्यावर मिळतो. वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चार जणांपर्यंत वारस नेमता येतात. पण हजेरीपटावर ‘भाऊसाहेब’, आधारपत्रावर ‘जोसेफ’ आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत ‘योसेफ’ अशी एकाच माणसाची तीन नावे असतील, तर ही सारी साधने दाराशी येऊन परत फिरतात. कर्ता माणूस हयात असताना जे काम एका अर्जात होते, त्यासाठी त्याच्या पश्चात पत्नीला शपथपत्रे घेऊन वर्षभर हेलपाटे घालावे लागतात.

आणि ज्यांच्या हाती अद्याप वहीच आलेली नाही, असेही बांधव आहेत. पाथर्डीसारख्या तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोडीला निघणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. किती टन तोडला, किती फिटले, किती उरले, हे मुकादमाच्या वहीत असते. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही आणि पुढील वर्षी पुन्हा तोच फड. १८७५ च्या कुणब्याची तक्रार याहून वेगळी काय होती?

वाचकहो, १८७५ साली लोकांनी दुसऱ्याच्या हातातील कागद जाळला, कारण त्यांच्या स्वतःच्या हाती एकही कागद नव्हता. आज आपल्या हाती कागद आहेत. ते वाचणे तेवढे उरले आहे. सेमिनरीत आम्हांला रोजच्या खर्चाची वही ठेवण्याची शिस्त लावण्यात आली. त्या शिस्तीच्या आधारे आम्ही प्रत्येक कुटुंबाला एवढेच सुचवितो: खाते, पॉलिसी, फंडाचा क्रमांक आणि वारसाचे नाव एका वहीत लिहून ठेवावे, ती वही पत्नीला व वयात आलेल्या मुलांना दाखवावी आणि वर्षातून एकदा सर्वांनी मिळून वाचावी. आणि शेजारच्या कोपीवरील ऊसतोड्याला लिहिता येत नसेल, तर आपल्या शिकलेल्या मुलाने त्याच्या टनांचा हिशेब त्याच्या वहीत लिहून द्यावा.