पाव, बट्टी आणि घरची भट्टी

आपल्या कळसाडीकडील घरांत रोजचा अग्नि तव्याखालचा. दादरच्या पिठांत गव्हासारखा चिवट अंश नसतो. म्हणून तें फुगून जाळीदार होत नाहीं, हातानेंच थापावें लागतें. परंतु भाजण्याची विद्या खानदेशास परकी होती असें मात्र कोणीं समजूं नये. मांडे पालथ्या खापरावर खालच्या आंचेनें भाजतात. आणि गोंवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरलेली बट्टी चहूं बाजूंनीं उष्णता घेते. ओव्हन म्हणतात तो याहून निराळें काय करितो?

पाव हा शब्द मात्र पोर्तुगीज आहे. 1510 सालीं गोवें व 1534 सालीं वसई त्यांच्या ताब्यांत गेली, तेव्हां गव्हाच्या भाकरीची गरज दुहेरी होती. एक वेदीची: लॅटिन विधींतील होस्ती गव्हाच्या पिठाची, बिनखमिराची, तापल्या लोखंडी पत्र्यांमध्यें दाबून केलेली. दुसरी जेवणाच्या मेजाची. खमीर कोठून आणावें? माडाची सूर हाताशीं होती. तीच कणकेंत पडली. साष्टींतील माजोर्डे गांवीं येशूसंघीयांनीं ही कला प्रथम शिकविली, अशी परंपरा सांगते.

तथापि गोव्यांत घरोघरीं पाव भाजीत नसत. तें काम पोदेराचें. त्याची भट्टी आधीं लांकडांनीं तापते, मग निखारे बाजूस सारले जातात, आणि पाव भाजतो तो भिंतींत साठलेल्या उष्णतेनें. घरीं होई ती बेबिंका: नारळाचें दूध, अंड्यांतील बलक, साखर व पीठ यांचा एकेक थर, वर निखारे ठेवून, आधीचा भाजल्यावांचून पुढचा ओतावयाचा नाहीं. एवढा धीर आजच्या विजेच्या ओव्हनपाशीं क्वचितच दिसतो!

1923 सालीं इंग्लंडांतील ग्यासच्या शेगड्यांस उष्णता आपोआप राखणारी कळ बसली, तेव्हांपासून गृहिणी आंकड्यावर विसंबूं लागली. पण लहान ओव्हनचा दिवा विझला म्हणजे आंतील हवा तापली, एवढेंच. पातळ भिंती व तबक थंडच असतात. यास्तव वीस ते तीस मिनिटें रिकामा तापवावा, आंत जड तबक ठेवावें, आणि आंकडा खरा कीं खोटा हें पाहावयास स्वतंत्र उष्णतामापक घ्यावा. माझ्या मतें पिठास दोष देण्यापूर्वीं हा खर्च करावा. पावास 220 अंश, केकला 170 ते 180.

खमीर सजीव आहे, हें पाश्चरनें 1857 नंतरच्या प्रयोगांनीं दाखविलें. सुमारें 60 अंशांवर तें मरतें. तत्पूर्वींच्या थोड्या मिनिटांत पाव शेवटचा उसळतो. त्या वेळीं दार उघडलें तर उष्णता निसटते. केक तर मध्येंच बसतो. वैशाखांत आपल्याकडे कणीक भराभर फुगते, म्हणून पाणी गार व खमीर थोडें. नाताळाच्या थंडींत तीच कणीक दुप्पट वेळ मागूं शकते. घड्याळ न पाहतां बोट दाबून पाहावें: खळगा सावकाश, अर्धवट भरून आला कीं भाजावयास हरकत नाहीं.

बट्टीही ओव्हनमध्यें उत्तम होते. रवाळ पिठाचे गोळे 190 अंशांवर ठेवावे, अर्ध्यांत एकदां उलटावे, चिरा पडून तांबूस झाले म्हणजे काढून फोडावे, आणि गरम असतांनाच तूप ओतावें.