पोटाच्या खिडकीतून दिसलेले आम्ल

१/ जेवणानंतर छातीत जळजळ झाली, आंबट ढेकर आले, की मराठी माणूस ‘पित्त झाले’ म्हणतो. यामागे जठरातील आम्ल असते, हे आज सर्वांना ठाऊक आहे. दोनशे वर्षांपूर्वी मात्र अन्न पोटात दळले जाते, कुजते की विरघळते, यावर युरोपातील विद्वानांत वाद होता. तो मिटवण्यात एका मजुराच्या जखमेचा मोठा वाटा आहे.

२/ ६ जून १८२२, मॅकिनॅक बेट, अमेरिका. फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या दुकानात चुकून बंदूक उडाली आणि अलेक्सिस सेंट मार्टिन हा फ्रेंचभाषक कॅनेडियन नावाडी कोसळला. लष्करी शल्यचिकित्सक विल्यम बोमाँट यांच्या उपचारांनी तो वाचला. परंतु जठराला पडलेले छिद्र कायमचे उघडे राहिले.

३/ १ ऑगस्ट १८२५ रोजी बोमाँट यांनी मांस, शिळा पाव व कच्चा कोबी यांचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या छिद्रातून आत सोडले. तासाभराने कोबी व पाव निम्मे विरघळले होते. मांस जवळजवळ तसेच होते. पुढे त्यांनी जठररस कुपीत काढून ऊब दिली, तेव्हा शरीराबाहेरही मांस विरघळले. म्हणजे पचन ही रासायनिक क्रिया होती.

४/ प्राण्यांच्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचे लंडनच्या विल्यम प्राउट यांनी १८२३ मध्येच दाखवले होते. सेंट मार्टिनच्या जठररसातही ते सापडले.

५/ आठ-दहा दिवस मद्यपान केल्यावर त्याच्या जठराचे अस्तर लाल होऊन सुजलेले दिसले. त्याला मात्र काहीच त्रास जाणवत नव्हता.

६/ १८३३ च्या ग्रंथात बोमाँट यांनी २३८ प्रयोग नोंदवले आणि कीर्ती मिळवली. सेंट मार्टिनशी झालेला करार वर्षाला १५० डॉलरचा होता. प्रयोगांना कंटाळून तो एकाहून अधिक वेळा घरी निघून गेला.

७/ १९१० मध्ये कार्ल श्वार्त्स यांनी ‘आम्ल नाही तर व्रण नाही’ असा सिद्धांत मांडला. तो अनेक दशके टिकला. १९८० च्या दशकात वॉरन व मार्शल यांनी अनेक व्रणांमागे जिवाणू असल्याचे दाखवले. २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

८/ सेंट मार्टिन १८८० मध्ये क्यूबेकमध्ये वारला. त्याचे जठर संग्रहालयासाठी मिळावे, अशी डॉक्टरांची इच्छा होती. कुटुंबाने उन्हाळ्यात मृतदेह मुद्दाम सडू दिला आणि मग आठ फूट खोल पुरला.