आवाज मराठी, पडदा इंग्रजी

मीना म्हणजे अरबीत बंदर. आपल्या मीना अल-अहमदीहून १९४६ साली कच्च्या तेलाचं पहिलं जहाज सुटलं, १९४९ साली रिफायनरी सुरू झाली. शिफ्टची ड्युटी करणाऱ्याला कॉलेजची वेळ कशी जमायची? हा प्रश्न तिकडे महाराष्ट्रातल्या कामगारांपुढेही होताच.

१५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे तास उपग्रहामार्फत दूरदर्शनवर येऊ लागले. तंत्र नवं, पण भाषा इंग्रजी आणि वेळ दुपारची. कामावरचा माणूस ते बघणार कधी?

१९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं. राम ताकवले पहिले कुलगुरू. नोकरी सांभाळून, मराठीतून पदवीपर्यंत शिकता येऊ लागलं.

पण मला सर्वांत हुशारीचा वाटतो तो आयआयटी मुंबईतल्या प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांचा 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रम. साधारण १० मिनिटांचा एकेक धडा, फुकट. पडद्यावरचं सॉफ्टवेअर इंग्रजीतच ठेवलं, कारण नोकरीत तेच समोर येणार. मराठीत आणला तो फक्त आवाज. अर्ध्या पडद्यावर धडा लावायचा, उरलेल्या अर्ध्यावर स्वतः करून बघायचं, अडलं की थांबवायचं. शिक्षक समोर नसतो, पण घाईही नसते. धडा उतरवून घेतला की इंटरनेटही लागत नाही. रात्रपाळीहून आलेल्यांनी सकाळी झोपून उठल्यावर लावला तरी चालतो.