हबशांचा देश आणि एक क्रियापद

इथिओपिया म्हटले की आपल्या मंडळींस १९८४च्या दुष्काळाची छायाचित्रे तेवढी आठवतात. प्रतिनियुक्तीच्या निमित्ताने आम्ही त्या देशात तीन वर्षे काढली. येत्या हिवाळ्यात पुन्हा तिकडे जाण्याचा योग आहे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादकांनी चार शब्द मागितले, तेव्हा दुसरा विषय सुचलाच नाही.

वास्तविक मराठी माणसास हा देश सर्वस्वी परका नाही. आपला 'हबशी' हा शब्द तिकडचाच. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखास हबसाण म्हणत. ज्याने १६१० साली खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविले आणि निजामशाही सावरून धरली, तो मलिक अंबर याच भूमीत जन्मला आणि गुलाम म्हणून विकला गेला होता. त्याच्या पदरी शहाजीराजांसारखे सरदार होते.

तेथील कालगणना नवख्यास गोंधळात पाडते. वर्षाचे महिने तेरा. बारा तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. त्यांचा सन आपल्या इंग्रजी सनाच्या सात-आठ वर्षे मागे असल्यामुळे दोन हजारावे वर्ष त्यांनी सप्टेंबर २००७ मध्ये साजरे केले. घड्याळ सूर्योदयापासून चालते. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. घटिका-पळे मोजणाऱ्या आपल्या पूर्वजांस यात काहीच वावगे वाटले नसते. लालिबेला येथील अकरा प्रस्तरमंदिरांविषयी इतकेच सांगतो, की वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्यास तेथे घरच्यासारखे वाटते.

परंतु आमच्यासारख्या कागदांत आयुष्य घालविलेल्या माणसास मोह पडतो तो उचालीच्या तहाचा. २ मे १८८९ रोजी मेनेलिक आणि इटली यांच्यात हा तह झाला. त्याच्या दोन प्रती होत्या, एक अम्हारिक भाषेत आणि एक इटालियन भाषेत. सतराव्या कलमात अम्हारिक प्रत म्हणत होती, की परराष्ट्रांशी व्यवहार करताना इथिओपियाचा राजा इटलीचे साहाय्य घेऊ शकेल. इटालियन प्रतीनुसार ते घेणे त्यास बंधनकारक होते. 'करील' आणि 'करू शकेल' यांवरून आम्हीही मसुद्यांत पुष्कळ वाद घातले आहेत. पण येथे त्या एका क्रियापदावर एका राष्ट्राचे स्वातंत्र्य टांगलेले होते. इटलीने त्याच्या आधारे हा देश आपल्या संरक्षणाखाली असल्याचे युरोपास कळविले. सम्राज्ञी तैतू या कलमाच्या कडव्या विरोधक होत्या. अखेर १८९३ साली मेनेलिकने तह फेटाळला.

१ मार्च १८९६ रोजी अडवा येथे गाठ पडली. इटालियन सेनापती बाराटिएरीपाशी सुमारे सतरा हजार सैन्य होते. मेनेलिकचे लाखाच्या आसपास. शिवाय बाराटिएरीच्या नकाशात एका टेकडीचे नाव भलत्याच ठिकाणी पडले होते. रात्रीच्या कूचीत एक तुकडी त्या नावाच्या खऱ्या टेकडीकडे पुढे निघून गेली आणि एकटी सापडली. सायंकाळपूर्वी इटालियन सैन्याची दाणादाण उडाली. स्वतः तैतू आपली फौज घेऊन रणांगणावर हजर होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इटलीने नव्या तहान्वये इथिओपियाचे पूर्ण स्वातंत्र्य मान्य केले. अडवा तिग्राय प्रांतात आहे. गेल्या खेपेस तेथवर जाणे घडले नाही, आणि पुढे २०२० ते २०२२ या काळात त्या प्रांताने भीषण युद्ध सोसले. या वेळी वाट मोकळी असल्यास ती टेकडी पाहावी, असा बेत आहे.

इटलीने ही जखम चाळीस वर्षे जपली. ५ मे १९३६ रोजी मुसोलिनीचे सैन्य अदिस अबाबात शिरले. पाच वर्षांनी, नेमक्या ५ मे रोजीच, सम्राट हैले सेलासी राजधानीत परतले. तत्पूर्वी मार्च १९४१ मध्ये केरेनचा डोंगरी मोर्चा फोडावा लागला होता. त्यात चौथ्या व पाचव्या भारतीय डिव्हिजन होत्या आणि पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटणही होती. दहन झालेल्या हिंदू व शीख सैनिकांचे स्मारक केरेनला आहे. १९९३पासून ते गाव एरिट्रिया या स्वतंत्र राष्ट्रात असल्याने आमच्या प्रवासमार्गात बसत नाही.