चौकटीची पट्टी

आमच्या माजघराच्या भिंतीवर लक्ष्मीचे एक जुने छापील चित्र आहे. चित्र अजून आहे, पण त्याची चौकट गेली आणि ती मीच घालवली. चार वर्षांपूर्वी घराला रंग देताना चौकटीचा एक कोपरा सुटला. मी चित्र बाजारात नेले आणि सोनेरी प्लॅस्टिकच्या पट्टीत बसवून आणले. जुनी लाकडे दुकानदाराने कागदात गुंडाळून परत दिली होती. ती बंबात गेली. वर्गात मुलांना जुन्या वस्तू जपण्याचा धडा शिकवणाऱ्या माणसाच्या हातून हे झाले, हे आधीच कबूल केलेले बरे.

वीतभर तुकडा तेवढा उरला. खिडकीचे दार आपटू नये म्हणून तो मी फटीत घालीत असे. एकदा आमच्या गल्लीतले म्हातारे मिस्त्री टेबलाचा पाय बसवायला आले. त्यांनी तो तुकडा उचलला, त्यावरून अंगठा फिरवला आणि विचारले, “गुरुजी, बाकीची पट्टी कुठं आहे?”

मी गप्प राहिलो.

“हाताची आहे ही,” ते म्हणाले. “यंत्राची असती तर बोटाला आडव्या, सारख्या अंतराच्या बारीक लाटा लागल्या असत्या. यंत्राचं पातं गरगर फिरत लाकूड खातं. रंधा सरळ धावतो. आणि हे बघा, या टोकाला गोलाई जरा जाड आहे, त्या टोकाला बारीक.”

चित्राच्या खाली छापखान्याचे नाव आहे. चित्रकाराचे नाव पुस्तकांत सापडते. ही पट्टी कोणी काढली, ते मात्र कोठेच लिहिलेले नाही. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. कादंबऱ्या लिहितो त्या कल्पनेच्या बळावर. येथे कल्पना उपयोगाची नव्हती. म्हणून मिळतील ती पुस्तके घेऊन बसलो.

मध्ययुगीन युरोपात चित्रे लाकडी फळीवर काढीत, तेव्हा चौकट पुष्कळदा चित्राच्या आधी तयार होई. फळीचा मधला भाग खोल करून कडा उंच ठेवायच्या, किंवा रंग लावण्यापूर्वीच कडेला पट्ट्या जडवायच्या. सुताराचे काम आधी, चित्रकाराचे मागून. लंडनच्या नॅशनल गॅलरीत यान व्हान आइकने काढलेले तांबड्या पागोट्यातील पुरुषाचे चित्र आहे. त्याची मूळ चौकट शाबूत आहे. तिच्या दोन उभ्या बाजू आणि चित्राची फळी मिळून लाकडाचा एकच तुकडा आहे. चौकटीवर चित्रकाराने आपले नाव आणि २१ ऑक्टोबर १४३३ ही तारीख रंगवली आहे, तीही अक्षरे कोरल्यासारखी भासावीत अशी. ज्याने लाकूड घडवले त्याचे नाव त्या चौकटीवर नाही.

पुढे चित्रे कापडावर आली आणि चौकट वेगळी झाली. सतराव्या शतकात हॉलंडात काळ्या लाकडाच्या, लाटांची नक्षी असलेल्या चौकटींची आवड होती. जोसेफ मॉक्सन या लंडनच्या छापखानेवाल्याने १६७८ पासून निरनिराळ्या कारागिरींवर पुस्तिका काढल्या. त्यांत अशा लाटा काढणाऱ्या साधनाचे वर्णन आहे. पट्टी हाताने पात्याखालून ओढायची आणि खालच्या नागमोडी आधाराने ती वरखाली व्हायची.

साध्या पट्टीला मात्र रंधाच लागे. तिचे आकार फार जुने, ग्रीक आणि रोमन देवळांच्या दगडी कामातले. पाव वर्तुळाची गोलाई, तशीच खोलगट पन्हळ, आणि दोन्ही जोडून झालेले वळण. सुताराने रंध्याचा तळ आणि पाते त्याच आकाराचे, पण उलटे घडवले. इंग्लंडात पोकळ आणि फुगीर तळांच्या रंध्यांच्या जोड्या मिळत. पूर्ण संच १८ जोड्यांचा, एकाआड एक घेतल्यास ९ जोड्यांचा. एवढ्या अवजारांवर वाटेल तो आकार काढता येई. एकोणिसाव्या शतकात वाफेवर चालणारी यंत्रे हीच पट्टी वारेच्या वारे काढू लागली आणि हे रंधे हळूहळू अडगळीत गेले.

आपल्याकडे चौकटीची गरज वाढली ती छापील चित्रांमुळे. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा निघाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर तिच्या संस्थापकांपैकी एक. १८९४ साली मुंबईत राजा रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. देवघरात मूर्ती होत्याच. आता भिंतीवर लक्ष्मी आणि सरस्वती आल्या. पण कागद तो कागद. आपल्या पावसाळ्यातली ओल आणि बाराही महिने असणारी कसर यांच्यापुढे तो किती टिकणार? काच हवी, पाठीला फळी हवी आणि दोन्ही धरून ठेवणारी पट्टी हवी. मळवलीच्या छापखान्याला १९७२ साली आग लागली आणि तेथील पुष्कळ ऐवज जळाला. घरोघरची चित्रे वाचली, त्यांत या पट्ट्यांचाही वाटा आहे.

हे सगळे मी मिस्त्रींना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “सागाची एक सरळ रेषांची फळी आणा. मग बघू.”

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कामाला बसलो. मिस्त्रींनी आधी जुन्या करवतीच्या पात्याचा तुकडा कानशीने घासला. माझ्या वीतभर तुकड्याचा आकार त्यात उलटा उतरला, तेव्हा ते पाते त्यांनी एका ठोकळ्यात पक्के केले. मग लांबच लांब पट्टी सारखी करून मागच्या बाजूला काचेची खाच काढली. वरचे जादा लाकूड रंध्याने आणि गोल पटाशीने उडवले. आता घासायचे. सुरुवात दूरच्या टोकाकडून, आखूड हातांनी. मागे मागे येत हात लांबवायचा. लाकडाची रेषा उलटी लागली की तंतू उचकटतात. मग पट्टी फिरवून घ्यायची.

“चारी बाजू एकाच पट्टीतून कापायच्या,” मिस्त्री म्हणाले. “कोपऱ्यात दोन टोकं भेटतात. आकारात केसाएवढा फरक असला तरी तिथं चहाडी होते.”

पण फळीच्या एका टोकाला गाठ निघाली आणि चौथी बाजू वेगळ्या तुकड्यातून काढावी लागली. ती मी मागून घेतली. पाऊण तासात माझे मनगट भरून आले. चारी टोके पंचेचाळीस अंशांत कापली, सरस लावला, बारीक खिळे मारले. तीन कोपरे एकजीव झाले. चौथी बाजू दोन कोपऱ्यांना भेटते; त्यांतल्या एका कोपऱ्याने मला सांभाळून घेतले. दुसऱ्यात माझी गोलाई मिस्त्रींच्या गोलाईपेक्षा जाड दिसत होती.

“पुन्हा काढू?” त्यांनी विचारले.

“राहू द्या,” मी म्हणालो.

“उन्हाळ्यात लाकूड रुंदीला आकसेल. आतल्या कोपऱ्याला बारीक फट दिसेल. भिऊ नका.”

चित्र बसवले, पाठीची फळी ठोकली. मी त्यांच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हणालो, “मिस्त्री, मागं तुमचं नाव आणि तारीख लिहा.”

ते हसले. “चित्र उलटं करून कोण बघतो, गुरुजी?”

त्यांनी लिहिले नाही. रात्री चित्र भिंतीवर चढवण्यापूर्वी मीच ते उलटे केले, त्यांचे नाव लिहिले आणि खाली तारीख टाकली. जुन्या चौकटीचा वीतभर तुकडा खिडकीतून काढून आता मी कपाटात ठेवला आहे. त्यावर लिहायला मला नाव ठाऊक नाही.