लेग्लचे दगड

आकाशातून दगड पडतात, ही खेडुतांची साक्ष अठराव्या शतकातील बहुतेक विद्वानांनी झिडकारली. विद्वत्तेचा ताठा सर्वत्र सारखाच! १७९८ साली काशीजवळ पडलेल्या दगडांत इंग्रज रसायनज्ञ हॉवर्ड यांना १८०२ मध्ये निकेल सापडले, तरी शंका उरलीच. पुढे २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील लेग्ल गावाभोवती दिवसाढवळ्या सुमारे ३,००० दगड कोसळले. शासनाने धाडलेले तरुण शास्त्रज्ञ झाँ-बाप्तिस्त बियो गावोगाव हिंडले. शेतकरी, धर्मगुरू, साऱ्यांच्या जबान्या त्यांनी घेतल्या, विखुरलेले दगड मिळवून त्यांच्या जागा नोंदविल्या. पतनक्षेत्र लंबवर्तुळाकार भरले. एका टोकास मोठे दगड, दुसऱ्या टोकास बारीक. त्या मुलखातील खाणींत वा भट्ट्यांत तसला दगड कोठेच नव्हता. बियोंच्या अहवालानंतर खेडुतांचे म्हणणे पॅरिसलाही मान्य करावे लागले.