गोव्याची पूड आणि त्वचेची पारख

समुद्रकाठच्या दमट हवेत, मग ते शहर मुंबई असो, पणजी असो किंवा चेन्नई असो, गजकर्णाची खाज कोणास अपरिचित नाही. एकोणिसाव्या शतकात या विकारावर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ‘गोवा पावडर’ नावाचे एक पिवळसर चूर्ण वापरीत. १८६४ साली मुंबईचे औषधविक्रेते केम्प यांनी त्याकडे इंग्लंडातील जाणकारांचे लक्ष वेधले. परंतु हे चूर्ण मुळात गोव्याचे नव्हतेच. ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाच्या खोडात ते सापडते. पोर्तुगीज व्यापारामुळे ते गोव्यास पोचले आणि तेथलेच नाव त्यास चिकटले. १८७५ च्या सुमारास हे कोडे उलगडले.

पुढच्याच वर्षी लंडनमध्ये एक चमत्कारिक गोष्ट घडली. गजकर्ण समजून एका रुग्णास हे चूर्ण लावण्यात आले आणि त्याच्या अंगावरील चट्टे ओसरले. बामॅनो स्क्वायर या त्वचारोगतज्ज्ञाने पाहिले, तो रोग गजकर्ण नसून सोरायसिस होता! पहिल्या महायुद्धात जर्मनीत चूर्णाचा तुटवडा पडला, तेव्हा रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्याशी साधर्म्य असलेले कृत्रिम औषध सिद्ध केले. १९१६ पासून ते डिथ्रॅनॉल या रूपाने सोरायसिसच्या उपचारात आले.

हे दोन्ही विकार दिसण्यात सारखे, पण जातीने भिन्न. गजकर्ण बुरशीमुळे होते आणि संसर्गाने पसरते. सोरायसिसमध्ये शरीराची संरक्षणव्यवस्थाच बिघडते. एरवी सुमारे महिनाभर चालणारे त्वचेच्या पेशींचे नूतनीकरण काही दिवसांत उरकते आणि खवले साचतात. तो मुळीच संसर्गजन्य नाही. तरीही शतकानुशतके अशा रुग्णांची गणना कुष्ठरोग्यांत होत असे. १८४१ च्या सुमारास व्हिएन्नाच्या हेब्रा यांनी हे दोन रोग स्पष्टपणे वेगळे केले. मात्र शेजाऱ्याच्या हातावरचे खवले पाहून आपली खुर्ची हळूच दूर सरकवणारी माणसे अजूनही भेटतात.

लोकानुभवातून आलेले औषध एकट्या गोव्याकडेच होते असे नव्हे. चेन्नईकडील सिद्ध वैद्य वेप्पालैची, म्हणजे आपल्या काळ्या कुड्याची पाने खोबरेल तेलात घालून उन्हात ठेवतात. तेल जांभळे होते आणि ते सोरायसिसवर लावतात.

लंडनमधील ती गफलत सुदैवी ठरली. आज घडते ती तशी नाही. १९५२ पासून हायड्रोकॉर्टिसोनसारखी स्टेरॉइड मलमे त्वचेवर वापरली जाऊ लागली. इसबावर व सोरायसिसवर ती योग्य देखरेखीखाली गुणकारी आहेत. परंतु तेच मलम दुकानातून परस्पर आणून गजकर्णावर चोळले, तर लाली व खाज शमते, रुग्ण निश्चिंत होतो आणि बुरशी आतल्या आत फैलावत राहते. पुढे रोगाचे मूळ रूपच ओळखू येईनासे होते.

म्हणून औषधापूर्वी पारख हवी. खवल्याचा कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर बुरशी आहे की नाही हे पुष्कळदा लगेच कळते. इसब किंवा सोरायसिस ठरल्यास त्वचा ओलसर राखावी, खाजवणे टाळावे आणि वैद्यकीय सल्ल्याने दीर्घकाळ धीर धरावा. उरलेल्यांनी एवढेच करावे, की आपली खुर्ची जागची हलवू नये.